थाळीफेकीचा शेरिडन : मेयोच्या शेतातून ऑलिंपिकच्या मैदानात

तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धा भरल्या की कुस्तीच्या हौद्याभोवती आणि कबड्डीच्या पाटीभोवती माणसं मावत नाहीत. मैदानाच्या पार टोकाला मात्र चार-सहा पोरं थाळीफेक करत असतात आणि तिकडं एक सर सोडले तर कुणी फिरकत नाही. आज त्याच दुर्लक्षित खेळातल्या एका शेतकऱ्याच्या पोराची हकीकत तुम्हाला सांगायची आहे. नाव मार्टिन शेरिडन. गाव बोहोला, परगणा मेयो, देश आयर्लंड. १९०४, १९०६ आणि १९०८ अशा तीन स्पर्धांत जगभरचे गडी जमले असताना थाळीफेकीत हा पहिला आला. जन्म २८ मार्च १८८१ चा आणि मृत्यू २७ मार्च १९१८ चा. म्हणजे सदतिसावा वाढदिवस एका दिवसावर आला असताना माणूस गेला.

पण शेरिडनकडं जाण्याआधी त्याच्या मुलखाची शेती समजून घ्या. नाहीतर तो न्यूयॉर्कला का गेला याचं कोडं सुटणार नाही.

मेयो हा आयर्लंडच्या पश्चिम टोकाचा परगणा. पाऊस बारमाही, जमीन बरीचशी दलदलीची नि खडकाळ, आणि जी बरी जमीन होती ती जमीनदारांची. कसणारा हा कूळ. खंड रोख भरायचा. धान्य आणि जनावर विकून खंड भरायचा आणि घरादारानं बटाटा खाऊन जगायचं, अशी ती रीत. बटाटा थोड्या जागेत भरपूर येतो, म्हणून एका कुटुंबाला वीतभर तुकडाही पुरायचा. त्यातही बहुतेकांनी एकच जात धरलेली, लंपर नावाची. उतारा चांगला, हलक्या जमिनीत येणारी, पण रोगाला मुळीच न टिकणारी.

१८४५ साली त्या बटाट्यावर करपा पडला. मंचर, खेडकडच्या बटाटा उत्पादकांना हा करपा नवा नाही. ढगाळ हवा, धुकं, गारवा नि सततचा ओलावा मिळाला की पानांवर काळपट डाग येतात आणि चार-आठ दिवसांत उभं शेत उकडल्यासारखं होतं. रोगाचं बीज पावसाच्या पाण्याबरोबर खाली जमिनीत उतरलं की बटाटाही सडतो. तोच हा रोग, तीच बुरशी. फरक एवढाच, की तेव्हा औषध नव्हतं आणि खाण्याला दुसरं पीक नव्हतं. पुढच्या सहा-सात वर्षांत आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसं भुकेनं नि रोगराईनं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात ओट बोटीत भरून इंग्लंडला जातच होता, कारण खंड थांबला नव्हता. मेयोची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ३ लाख ८९ हजार होती, ती १८५१ मध्ये २ लाख ७४ हजारांवर आली. १९०१ मध्ये फक्त १ लाख ९९ हजार उरली. साठ वर्षांत निम्मा परगणा रिकामा. ग्रामपंचायतीच्या दप्तरात जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या भाऊसाहेबांनी या आकड्यांकडं जरा निवांत बघावं.

(करप्यावर इलाज सापडला तो १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये. रस्त्याकडेच्या द्राक्षवेली येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ओरबाडू नयेत म्हणून बागवान त्यांवर मोरचूद आणि चुना मारायचे. त्या वेलींवर केवडा येत नाही हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. आयर्लंडच्या पश्चिम भागात बटाट्यावर ते फवारायला लावण्याचं काम १८९० नंतरच्या काळात सरकारी मंडळानं हाती घेतलं. म्हणजे शेरिडन शाळकरी पोर होता तेव्हा.)

१८७९ मध्ये पुन्हा बटाटा गेला आणि या वेळी मेयोची कुळं गप्प बसली नाहीत. बोहोलापासून जवळच स्ट्रेड नावाचं गाव आहे. तिथला मायकेल डेव्हिट हा बेदखल केलेल्या कुळाचा मुलगा. लहानपणी इंग्लंडात कापड गिरणीत यंत्रात सापडून त्याचा एक हात गेलेला. त्यानं पुढाकार घेऊन भूमी संघ उभा केला. १८८० मध्ये याच मेयोत कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला गावकऱ्यांनी वाळीत टाकलं. पीक काढायला मजूर नाही, दुकानात माल नाही, टपाल पोचवायला माणूस नाही. शेवटी परगण्याबाहेरून पन्नासेक माणसं आणून, त्यांच्याभोवती सैन्य उभं करून बटाटे नि बीट काढावं लागलं. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च सरकारला आला. बहिष्काराला इंग्रजीत बॉयकॉट म्हणतात, तो शब्द या माणसाच्या आडनावावरून आला. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, वाजवी खंड आणि कुळाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच साली बोहोलाजवळच्या ट्रीनडफ या वाडीत मार्टिन शेरिडन जन्मला.

आता खेळ. आयर्लंडच्या खेड्यात ताकद मोजायची साधनं शेतातली आणि बाजारातलीच. चौकात दगड फेकायचा, जत्रेत ५६ पौंडांचं वजन फेकायचं. हे ५६ पौंड म्हणजे अर्धा हंड्रेडवेट, साडेपंचवीस किलोच्या घरातलं. धान्य, लोकर तोलायचं मापच ते. तराजूतून काढायचं नि फेकायचं. पैसा लागत नाही, लागते ती कंबर. इंग्लंडातल्या शहरी क्लबांनी १८६० नंतर हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यात मजुरी करणाऱ्याला आणि कारागिराला शर्यतीत उतरायलाच बंदी होती. हातानं कष्ट करणारा माणूस बाबूलोकांच्या शेजारी उभा राहायला नको, एवढाच त्याचा अर्थ. त्याला उत्तर म्हणून १८८४ मध्ये आयर्लंडात गेलिक क्रीडा संघ निघाला आणि शेतमजुराला, कुळाच्या पोराला मैदान मोकळं झालं. शेरिडनची पिढी या मोकळ्या मैदानावर वाढली.

मार्टिन विशीच्या आतच अमेरिकेला गेला. कारण सांगायला नको. कायदा झाला तरी तुकडा तेवढाच राहिला होता आणि घरात पोरं अनेक. थोरला भाऊ रिचर्ड न्यूयॉर्कमध्ये होता आणि तोही थाळीफेकीतला नावाजलेला गडी. भावाच्या मागं भाऊ, हे तर आपल्याकडच्या मुंबईच्या वाटेसारखंच झालं.

न्यूयॉर्कमध्ये आयरिश लोकांनी स्वतःचा क्रीडा क्लब काढला होता, आयरिश अमेरिकन अ‍ॅथलेटिक क्लब. क्वीन्स भागात सेल्टिक पार्क नावाचं त्यांचं मैदान. उच्चभ्रू क्लब ज्यांना दारात उभं करत नव्हते त्यांना इथं जागा होती. आयरिश तर होतेच, पण ज्यू आणि काळे खेळाडूही होते. ऑलिंपिकमध्ये सोनं मिळवणारा पहिला काळा अमेरिकन जॉन टेलर याच क्लबचा. हातोडाफेकीत तीन ऑलिंपिक जिंकणारा लिमरिकचा जॉन फ्लॅनॅगन, टिपेररीचा मॅट मॅकग्रा, क्लेअरचा पॅट मॅकडोनल्ड हे सगळे इथलेच. धिप्पाड देह आणि तशीच भूक, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना आयरिश देवमासे असं नाव ठेवलं. यातले बरेचजण न्यूयॉर्क पोलिसांत होते. शेरिडनही १९०६ मध्ये पोलिसांत भरती झाला आणि पुढं गुप्तहेर खात्यात वरच्या श्रेणीला पोचला. राज्याचे गव्हर्नर शहरात आले की त्यांच्या संरक्षणाला त्याला देत.

शेरिडनची उंची सहा फूट तीन इंच, वजन दोनशे पौंडांच्या आतबाहेर, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास. त्या देवमाशांमध्ये तो सडपातळच दिसायचा. त्याचं खरं भांडवल म्हणजे वेग. थाळीफेकीत ते कसं कामाला येतं हे सांगतो, कारण आपल्याकडं बरेचजण थाळीफेक म्हणजे नुसता दंडाचा जोर असं समजतात.

पुरुषांची थाळी दोन किलोची आणि साधारण बावीस सेंटिमीटर व्यासाची. त्या काळी अमेरिकेत ती सात फुटांच्या वर्तुळातून फेकत, आता वर्तुळ अडीच मीटरचं आहे. गडी दीड फेरी गरकन फिरतो आणि थाळी सोडतो. ज्वारी राखताना गोफण मारलेल्यांना हे लगेच कळेल. दगड लांब जातो तो मनगटानं नव्हे, फिरण्यानं. दोरी जितकी लांब आणि फेरा जितका जलद तितका दगड दूर. इथं दोरी म्हणजे तुमचा हात. म्हणून लांब हाताचा, चपळ पायाचा गडी नुसत्या पैलवानाला मागं टाकतो. दुसरी गंमत वाऱ्याची. समोरून बेताचा वारा असला तर थाळी त्यावर तरंगते आणि जास्त लांब पडते. पाठीमागचा वारा उलट तिला खाली दाबतो.

१८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट गॅरेटनं ही स्पर्धा जिंकली ती २९.१५ मीटरवर. दहा वर्षांनी शेरिडननं त्यात बारा मीटरहून जास्त भर घातली.

पहिली परीक्षा १९०४ मध्ये अमेरिकेतल्याच सेंट लुईसला. समोर होता रॅल्फ रोझ. एकोणीस वर्षांचा पोरगा, साडेसहा फुटांच्या आसपास उंच, वजनानं शेरिडनच्या कितीतरी पुढं. दोघांची सर्वांत चांगली फेक ३९.२८ मीटर. अगदी बरोबरी, एका सेंटिमीटरचाही फरक नाही. मग पंचांनी दोघांना पुन्हा फेकायला लावलं. शेरिडननं ३८.९७ मीटर टाकले, रोझची थाळी ३६.७४ वर पडली. गोळाफेक रोझनं जिंकली आणि थाळीफेक शेरिडननं. ऑलिंपिकच्या थाळीफेकीत बरोबरी सोडवायला जादा फेकी घ्याव्या लागल्या तो हा एकच प्रसंग.

१९०६ मध्ये ग्रीसची राजधानी अथेन्सला स्पर्धा भरल्या. शेरिडनची कमाई बघा. थाळीफेकीत ४१.४६ मीटर आणि पहिला नंबर. दुसरा आलेला ग्रीसचा जॉर्जांतास त्याच्या साडेतीन मीटर मागं राहिला. गोळाफेकीतही पहिला, १२.३२ मीटरच्या वर. जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी आणि दगडफेक या तिन्हींत रुपेरी पदक. एकूण पाच पदकं. पंचक्रीडेतही तोच जिंकणार असा बोलबाला होता, पण गुडघ्यानं दगा दिला नि माघार घ्यावी लागली. ग्रीसच्या राजानं त्याला एक भाला भेट दिला. तो भाला पुढं बोहोला गावात पोचला.

जागेवरून मारायच्या दोन्ही उड्यांत त्याला मागं टाकणारा गडी रे यूरी. लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीत बसलेला पोरगा. पायांना बळ यावं म्हणून उड्या मारायला लागला आणि जगज्जेता झाला. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहिता येईल.

याच अथेन्समध्ये आणखी एक गोष्ट घडली. आयर्लंडहून आलेला लांब उडीचा गडी पीटर ओकॉनर याचं नाव ब्रिटनच्या यादीत घातलं गेलं. दुसऱ्या नंबरावर आल्यावर त्याच्यासाठी ब्रिटनचा झेंडा चढला, तेव्हा तो स्वतः झेंड्याच्या खांबावर चढला आणि वर जाऊन आयर्लंडचा हिरवा झेंडा फडकवला. शेरिडनवर तशी वेळ आली नाही, कारण त्याच्या अंगावर अमेरिकेचा सदरा होता. पण त्याच्या पदकांवर आयर्लंडचं नाव नाहीच. मेयोच्या भाकरीवर, नव्हे बटाट्यावर वाढलेलं शरीर आणि खाता अमेरिकेचा.

तिसरी स्पर्धा १९०८ ची लंडनची. ज्यांच्या जमीनदारांना त्याच्या गावानं खंड भरला त्यांच्या राजधानीत. तिथं थाळीफेकीच्या दोन स्पर्धा होत्या. एक नेहमीची, दुसरी ग्रीक पद्धतीची. या ग्रीक पद्धतीत उतरत्या चौथऱ्यावर उभं राहायचं, गरकन फिरायचं नाही, जुन्या पुतळ्यासारखी ठरावीक पवित्र्यात थाळी टाकायची. दोन वर्षांपूर्वी अथेन्सला या पद्धतीत शेरिडनला पदकाविना परतावं लागलं होतं आणि फिनलंडचा यार्विनेन जिंकला होता. शेरिडनचं सगळं भांडवल फिरण्यात, आणि इथं फिरणंच बंद. लंडनमध्ये मात्र त्यानं ३८ मीटर टाकून पहिला नंबर घेतला, यार्विनेन तिसरा आला. दोन वर्षांत त्यानं न फिरता फेकण्याची कला अंगी बाणवली, हे मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं मोठं काम वाटतं. जे जमतं तेच करत राहणं सोपं असतं.

नेहमीच्या थाळीफेकीत मामला घासून झाला. मेरिट गिफिन या त्याच्याच संघातल्या गड्यानं ४०.७० मीटर टाकून आघाडी घेतली होती. शेरिडननं ४०.८९ टाकले. एकोणीस सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. जागेवरून लांब उडीत मात्र त्याला याच्या उलट अनुभव आला. ३.२२५ मीटर मारून तिसरा, आणि दुसरा आलेला ग्रीक गडी अर्ध्या सेंटिमीटरनं पुढं.

लंडनच्या संचलनाबद्दल एक गोष्ट तुम्ही कदाचित ऐकाल. सगळ्या देशांनी राजापुढं झेंडे झुकवले, अमेरिकेनं झुकवला नाही आणि त्यावर शेरिडन काहीतरी ताठ बोलला, अशी ती गोष्ट. त्याच्या तोंडी घातलेलं ते वाक्य त्या वेळच्या छापील बातम्यांत आढळत नाही, ते पुष्कळ वर्षांनी पुढं आलं. झेंडा होता रॅल्फ रोझच्या हातात. वाक्य झकास आहे आणि आयरिश माणसाला शोभणारंही आहे, पण म्हणून ते शेरिडनच्या नावावर चढवू नये.

लंडन आटोपल्यावर तो आयर्लंडला गेला, तिथल्या मैदानांवर उतरला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग परत न्यूयॉर्क, परत पोलिसाची नोकरी.

थाळीफेक हा त्याचा एक पैलू झाला. अमेरिकेत तेव्हा अष्टपैलू खेळाडूची एक स्पर्धा असे. एका दिवसात दहा प्रकार: शंभर यार्ड धावणं, गोळा, उंच उडी, चालण्याची शर्यत, हातोडा, बांबूउडी, अडथळे, ते ५६ पौंडांचं वजन, लांब उडी आणि शेवटी दिवसभर दमल्यावर एक मैल धावणं. नांगरट, पेरणी, मळणी एका दिवसात उरकल्यासारखं. शेरिडननं ती १९०५, १९०७ आणि १९०९ मध्ये जिंकली. १९०९ चे त्याचे ७३८५ गुण हा उच्चांक होता. १९११ मध्ये तो स्पर्धांतून बाजूला झाला. दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातीतल्या जिम थॉर्पनं सेल्टिक पार्कवरच ७४७६ गुण मिळवून तो उच्चांक मोडला. शेरिडन तिथं हजर होता. त्यानं जाऊन थॉर्पचा हात हातात घेतला आणि याच्यासारखा खेळाडू आपण पाहिला नाही असं सांगितलं. आपल्या बांधाला लागून दुसऱ्याचं पीक चांगलं आलं तर आपण काय बोलतो, ते ज्यानं त्यानं आठवावं.

१९१८ च्या मार्चमध्ये त्याला न्यूमोनिया झाला आणि न्यूयॉर्कच्या दवाखान्यात तो गेला. लग्न झालेलं नव्हतं. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या जगभरच्या साथीतले पहिले जे बळी, त्यांत काही लेखक त्याला धरतात. महिना बघता ते शक्य आहे. तीच साथ जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली आणि दिवाळीच्या आगेमागे गावोगाव पसरली. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी तिला मानमोडी म्हटलं. सहा फूट तीन इंचांचा, दहा खेळ एका दिवसात खेळणारा गडी आणि दुष्काळानं खंगलेला शेतमजूर यांत त्या साथीनं भेद केला नाही. उलट तिनं तरणीताठी माणसंच जास्त नेली.

आता नोंदीचा घोळ. शेरिडनच्या नावावर पाच सुवर्ण, तीन रौप्य, एक कांस्य अशी नऊ पदकं. पण १९०६ च्या अथेन्सच्या स्पर्धांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती अधिकृत मानत नाही. त्यामुळं समितीच्या हिशेबी त्याची पदकं चारच राहतात, तीन सुवर्ण आणि एक कांस्य. रान त्यानं कसलं, पीक सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, पण पीकपाहणीत नोंद नाही, असा प्रकार. तलाठी भाऊसाहेबांना हे वेगळं समजवायला नको. माझ्या मते अथेन्सची पदकं धरायला हवीत. तिथं जमलेले गडी खरेखुरे होते आणि टेप लावून मोजलेले मीटर काही समितीच्या ठरावानं कमी होत नाहीत.

थाळीफेकीचा पहिला अधिकृत जागतिक विक्रम धरला गेला तो १९१२ मध्ये अमेरिकेच्या जेम्स डंकनचा, ४७.५८ मीटरचा. एप्रिल २०२५ मध्ये लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नानं ७५.५६ मीटर टाकले. शेरिडनची अथेन्सची फेक त्याच्या निम्म्याच्या थोडी पुढं. पण शेरिडनला सिमेंटचं वर्तुळ नव्हतं, पायाखाली माती होती. आणि दिवसा ड्यूटी होती.

क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत त्याच्या मित्रांनी उभारलेला उंच सेल्टिक क्रूस आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी शौर्यासाठी त्याच्या नावाचं पदक ठेवलं. बोहोलात त्याचा अर्धपुतळा उभा आहे. त्याच बोहोलाचा आणखी एक मुलगा, विल्यम ओड्वायर, न्यूयॉर्कला जाऊन आधी पोलीस शिपाई झाला आणि १९४६ ते १९५० या काळात त्या शहराचा महापौर. मेयोतली जमीनदारांची मोठी वतनं सरकारी मंडळानं विकत घेऊन कुळांना वाटायला सुरुवात केली ती १८९९ च्या सुमारास, आणि १९०३ च्या कायद्यानं कुळांना जमीन विकत घ्यायला सरकारी कर्ज मोठ्या प्रमाणावर मिळू लागलं. तोवर शेरिडन बंधू न्यूयॉर्कमध्ये थाळी फेकत होते.